जुन्या स्विफ्टचा पिकअप परत आणताना : इंदूरमध्ये कमी पैशात काय काय केलं

माझी गाडी 2014 ची स्विफ्ट, पेट्रोल, व्हीएक्सआय. इंजिन तेच 1197 सीसीचं, कागदावर साधारण 84 पीएस (पॉवर) आणि 115 एनएम (टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर). लाखाच्या वर किलोमीटर झालेले. रोजचं ऑफिस, रविवारी आईला घेऊन रामबागेत मावशीकडे, सुट्ट्यांत महेश्वर नाहीतर ओंकारेश्वर, आणि अधूनमधून सेंधव्यावरून धुळ्याला ताईकडे. गेल्या वर्षी असं व्हायला लागलं की बायपासवर ट्रक ओव्हरटेक करायला जावं तर गाडी नुसती आवाज करते, पुढे काही सरकत नाही. एसी चालू, चार माणसं, डिकीत सामान, आणि समोर चढ असला की मग तर विचारूच नका. घरात चर्चा सुरू झाली की आता विकून टाकू, दीड-दोन लाख येतील, वर टाकून टर्बोवाली (इंजिनात जास्त हवा कोंबणारी) घेऊ.

पण मला ती गाडी आवडते हो. वजनाला हजार किलोच्याही खाली, स्टेअरिंग हलकं, पार्ट कुठेही मिळतात, आणि पाटणीपुऱ्याच्या गर्दीतून हिच्यासारखी दुसरी गाडी निघत नाही. म्हणून ठरवलं की चाळीस हजारांच्या आत जे काही करता येईल ते करून बघू, त्यानंतरही मजा आली नाही तर विकू.

भाचा कॉलेजात आहे, त्याला गाड्यांचं वेड. त्यानं लगेच यादी काढून दिली : कोन फिल्टर (उघडा एअर फिल्टर), फ्री फ्लो एक्झॉस्ट (मोकळा सायलेन्सर), लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली बसवणाऱ्या), 16 इंची अलॉय चाकं. एका मॉडिफिकेशनवाल्याकडे जाऊन भाव काढला तर सगळं मिळून गाडीच्या किमतीच्या निम्म्याच्या आसपास जात होतं. आणि मी त्याला सरळ विचारलं की या फिल्टर-एक्झॉस्टनी किती हॉर्सपॉवर वाढेल, तर तो म्हणाला, "भिया, आवाज सुनोगे ना तो मज़ा आ जाएगा." म्हणजे उत्तर मिळालं. टर्बो नसलेल्या 1.2 इंजिनात हवा जाण्याचा रस्ता कंपनीनं मुळातच बऱ्यापैकी मोकळा ठेवलेला असतो. फिल्टर बदलून दोन-तीन हॉर्सपॉवर मिळाले तरी ते वर साडेपाच-सहा हजार आरपीएमला मिळणार, जिथे आपण महिनाभरात एकदा जातो की नाही कोण जाणे. उघडा कोन फिल्टर बॉनेटखालची गरम हवा ओढतो तो वेगळाच त्रास, मे महिन्यात तर पॉवर वाढायच्या ऐवजी कमीच व्हायची. तेल लावलेला जो धुवून वापरायचा फिल्टर असतो तो चांगल्या कंपनीचा वाईट नाही, पण माळव्यातली ती बारीक धूळ, काम चालू असलेले रस्ते, हे बघता मी कागदाचाच ओरिजिनल फिल्टर ठेवला आणि वेळेच्या आधी बदलत गेलो. तीनेकशे रुपयांत काम होतं.

एक्झॉस्टचं तर कायद्यातच बसत नाही. मोटार व्हेइकल ॲक्टचं कलम 52 सांगतं की कंपनीनं जसं स्पेसिफिकेशन दिलंय त्यापेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही, 2019 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानंही तेच म्हटलं, आणि त्याच वर्षी कायद्यात जी दुरुस्ती झाली त्यात अशा एकेका बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. शिवाय उद्या अपघात झाला आणि इन्शुरन्सवाल्यांनी बोट ठेवलं तर सगळा खर्च आपल्याच खिशातून. भाच्याला हे पटायला वेळ लागला पण पटलं, आणि पुढच्या सगळ्या कामात तो माझ्याबरोबर होता, हात काळे करून.

मग सुरुवात केली मोजमापापासून. हे कुणी करत नाही आणि माझ्या मते हेच आधी करायला पाहिजे. सात-आठशे रुपयांत ब्लूटूथवाला ओबीडी डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारा) मिळतो, स्टेअरिंगच्या खाली जो सॉकेट असतो त्यात घालायचा, मोबाईलवर ॲप टाकायचं, की इंजिनाचं तापमान, आरपीएम, स्पीड, सगळं दिसतं. शिवाय तिसऱ्या गिअरमध्ये 40 ते 80 जायला किती वेळ लागतो ते जीपीएसवर मोजलं, पहाटे, मोकळ्या रस्त्यावर, दोन्ही दिशांनी, म्हणजे चढ-उतार आणि वारा दोन्ही बाजूंनी कटतो. शून्य ते शंभर वगैरे रस्त्यावर करायची गोष्टच नाही आणि त्याचा उपयोगही नाही, रोजच्या गाडीत कामाचं असतं ते चालत्या गाडीचा जोर. ब्रेकसाठी सुपर कॉरिडॉरच्या पलीकडे एक नवी कॉलनी पडलीये, रस्ते तयार पण घरं नाहीत, तिथे खडूची रेघ मारून 50 वरून गाडी थांबवली आणि टेपनं अंतर मोजलं. भाचा खाली उभा, मी आत. तसं बघायला गेलं तर आपल्या इथून जवळच पिथमपूरला नॅट्रॅक्स आहे, 11.3 किलोमीटरचा हाय स्पीड ट्रॅक, 2021 मध्ये सुरू झालेला, तिथे कंपन्या हेच सगळं यंत्रं लावून करतात. आम्ही खडू आणि टेपनं केलं, पण आधीचा आकडा हातात असला की मगच कळतं की पैसे कुठे कामाला आले.

आणि पहिल्याच दिवशी ओबीडीनं एक गोष्ट दाखवली जी मी महिनोन्‌महिने गाडी चालवून ओळखली नव्हती, ओळखता आलीही नसती. गाडी बायपासला लागली की कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं, तापमान 70 च्या आसपास घसरायचं. ट्रॅफिकमध्ये उभं राहिलं की वर चढायचं, चालू लागली की परत खाली. ते 85 ते 95 च्या मध्ये कुठेतरी टिकून राहायला हवं. स्विफ्टच्या मीटरमध्ये तापमानाचा काटाच नाही, नुसता दिवा, त्यामुळे कळणार कसं. देवास नाक्याकडे माझा एक जुना मेकॅनिक आहे, सगळे उस्तादच म्हणतात त्यांना, त्यांना दाखवलं तर म्हणाले थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, उघडाच अडकलाय. म्हणजे होतं काय, इंजिन पूर्ण गरम होतच नाही, मग ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) वाटतं की अजून थंडच आहे, तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. ॲव्हरेज कमी, पिकअप बोथट. पार्ट हजाराच्या आतला, वर नवा कूलंट आणि मजुरी. एवढ्याशा वस्तूनं इंजिन वर्षभर अर्धवट झोपेत चाललं होतं, आणि आम्ही टर्बोवाल्या गाडीचे कोटेशन मागवत होतो!

त्याच दिवशी थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग, काढून साफ केली. आतल्या झडपेच्या कडेला काळा चिकट थर बसला होता, स्प्रे मारून कपड्यानं पुसला, पण एक लक्षात ठेवा की साफ केल्यावर आयडलिंग (उभ्या गाडीतलं इंजिनाचं फिरणं) थोडा वेळ वरखाली होतं, गाडीला परत शिकायला द्यायचं, घाबरायचं नाही. स्पार्क प्लग चारही बदलले. इथे इरिडियम घ्यायचे की साधे यावर उस्ताद आणि भाचा यांचं बरंच झालं. इरिडियमनं पॉवर वाढत नाही, हे मी स्पष्ट सांगतो, त्याचा फायदा एवढाच की तो खूप जास्त किलोमीटर टिकतो आणि गॅप (ठिणगी पडते ती फट) लवकर वाढत नाही. जुने प्लग काढून बघितले तर गॅप चांगलाच वाढला होता, एकाच्या टोकाची धार गोल झाली होती. मी इरिडियम घेतले कारण मला परत परत ते काम करायचं नव्हतं. ज्याला पैसे वाचवायचे त्यानं साधे घ्यावेत, वेळेवर बदलावेत, गाडी तेवढीच पळते.

एवढं झाल्यावर परत 40 ते 80 मोजलं आणि एक सेकंदाच्या वर फरक आला. तिसऱ्या गिअरमध्ये एक सेकंद हा फार मोठा फरक असतो, आणि हा काही अपग्रेड नव्हता, कंपनीनं जे दिलं होतं ते परत मिळालं एवढंच.

आता चाकांकडे वळतो कारण खरी मजा तिथे आहे. उस्तादांनी गाडी लिफ्टवर घेतली तेव्हा चाकं हातानं फिरवून बघितली, पुढचं डावं चाक जड फिरत होतं. कॅलिपरच्या, म्हणजे डिस्कवर ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाच्या, ज्या पिना असतात, ज्यावर तो सरकतो, त्यातली एक गंजून बसली होती, त्यामुळे ब्रेक सोडला तरी पॅड डिस्कला घासतच राहायचा. म्हणजे मी रोज ब्रेक लावून गाडी चालवत होतो म्हणा ना. पिना काढल्या, पॉलिश पेपरनं घासल्या, ब्रेकचं वेगळं ग्रीस असतं ते लावलं (साधं ग्रीस लावायचं नाही, रबर फुगतं), पिनांवरचे रबरी बूट बदलले. तुम्हालाही घरी तपासता येतं, दहा-पंधरा किलोमीटर चालवून आलात की चारही रिमजवळ हात नेऊन बघा, हात न लावता, एक चाक इतरांपेक्षा फार तापलेलं असेल तर समजा काहीतरी अडकलंय.

टायरचं सांगतो. माझे टायर वरून बघितले तर छान होते, नक्षी शिल्लक, 1.6 मिलिमीटरची जी खूण असते तिच्यापासून अजून लांब. कुणीही म्हटलं असतं अजून वर्षभर चालतील. उस्ताद खाली बसले, टायरच्या बाजूला नखानं दाबलं आणि म्हणाले, "भिया, ये टायर नहीं, पत्थर है." टायरच्या कडेला एक चार आकडी नंबर असतो, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. माझ्यावर 3216 होतं, म्हणजे 2016 च्या बत्तिसाव्या आठवड्यातला माल. रबर जुन्या खोडरबरासारखं झालं होतं, वरून शाबूत पण पकड काही नाही. इंदूरच्या उन्हात बाहेर उभ्या राहणाऱ्या गाडीचं हेच होतं, गाडी कमी चालते म्हणून टायर घासत नाहीत, पण वय तर वाढतंच.

माझ्या व्हेरियंटला कंपनीचा साइज 165/80 आर 14. वरच्या झेडएक्सआयला 185/65 आर 15. आता हे आकडे समजून घ्या, अवघड नाहीये. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के, तिसरा रिमचा इंच. हिशोब केला की 165/80 आर 14 चा पूर्ण व्यास येतो जवळपास 620 मिलिमीटर आणि 185/65 आर 15 चा 621 च्या थोडा वर, म्हणजे जवळजवळ सारखाच, म्हणूनच कंपनी एकाच गाडीला दोन्ही देऊ शकते. मला 15 च्या रिम घ्यायच्या नव्हत्या, खर्च वाढत होता. 14 च्या माझ्याच लोखंडी रिमवर बसणारा 185/70 आर 14 बघितला, व्यास 615 च्या आसपास, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी फरक. स्पीडोमीटर शंभर दाखवेल तेव्हा गाडी नव्व्याण्णववर असेल, बस. रुंदी वीस मिलिमीटर जास्त, बाजूची भिंत थोडी बुटकी, त्यामुळे वळणावर गाडी कमी डोलते. कुठे घासत नाही, पूर्ण स्टेअरिंग वळवून, मागे तीन माणसं बसवून बघितलं. लोड इंडेक्सही बघायचा असतो, जुन्यावर 85 होता म्हणजे एका टायरला 515 किलो, नव्यावर 88 म्हणजे 560 किलो. तो मूळच्यापेक्षा कमी कधीच घ्यायचा नाही.

दुकानात गेल्यावर दोन गोष्टींवर अडून बसलो. एक म्हणजे टायर आणून माझ्यासमोर तारीख दाखवा, चारही त्याच वर्षाचे पाहिजेत. पहिल्या दुकानात दोन वर्षं पडलेला माल डिस्काउंटमध्ये देत होते, तिथून निघालो. दुसरं म्हणजे नवे व्हॉल्व्ह घाला, पन्नास-शंभर रुपयांसाठी जुने ठेवू नका. चांगल्या कंपनीचा टायर साधारण पाच-सव्वापाच हजाराला एक पडला, जुने त्यांनी थोडेफार पैसे देऊन घेतले. अलाइनमेंट, बॅलन्सिंग वेगळं. अलाइनमेंट करताना मशीनवरचे आधीचे आणि नंतरचे आकडे दाखवायला सांगा, प्रिंट मिळत असेल तर घ्या, नुसतं "हो गया भिया" वर निघू नका. माझ्या गाडीचा टो (पुढच्या चाकांच्या तोंडांची दिशा) बाहेरच्या बाजूला गेलेला होता म्हणून ती सरळ रेषेत टिकत नव्हती, कॅलिपरमुळे डावीकडे ओढत होती ते वेगळंच.

आणि फरक? अहो, गाडीच बदलली. टायर लावून दुकानातून निघालो आणि पहिल्याच गोल चौकात कळलं. आधी स्टेअरिंग वळवलं की गाडी क्षणभर विचार करून वळायची, आता वळवलं की वळली. आवाज कमी झाला. पावसात बीआरटीएसच्या (बसच्या वेगळ्या लेनच्या) बाजूच्या त्या पांढऱ्या पट्ट्यांवर ब्रेक लावला की पुढची चाकं सरकायची, ते बंद झालं. माझ्या व्हेरियंटला एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक लावला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, नाही (सगळ्या नव्या गाड्यांना ते सक्तीचं झालं एप्रिल 2019 पासून, माझी त्याच्या आधीची), त्यामुळे रस्ता धरून ठेवायला फक्त टायरच आहेत. खडूच्या रेघेवर परत मोजलं, 50 वरून थांबायला दोन मीटरपेक्षा जास्त अंतर वाचलं. दोन मीटर ऐकायला कमी वाटतं, पण विजयनगरच्या चौकात समोर ई-रिक्षा अचानक आडवी होते तेव्हा दोन मीटर म्हणजे काय ते ड्रायव्हरला विचारा. एक तोटा प्रामाणिकपणे सांगतो, ॲव्हरेज अर्धा किलोमीटर कमी झालं असेल आणि जागेवर उभ्या गाडीचं स्टेअरिंग किंचित जड लागतं. चालेल मला.

माझं मत विचाराल तर अख्ख्या कामात एका रुपयाचा सगळ्यात जास्त मोबदला टायरनी दिला. ज्याच्याकडे फक्त वीस-बावीस हजार आहेत त्यानं दुसरं काही करू नये, टायर घ्यावेत. ज्याच्याकडे ते पण नाहीत त्यानं आहे त्या टायरमध्ये दर पंधरा दिवसांनी, गाडी थंड असताना, दरवाज्याच्या खांबावर जे स्टिकर आहे त्यावरच्या आकड्याप्रमाणे हवा भरावी. पेट्रोलपंपावर सगळ्यांना सरसकट 35 भरून देतात ते बरोबर नाही, टायरचा मधलाच पट्टा रस्त्याला टेकतो. आणि हवामान बदललं की प्रेशरही बदलतं, पाच-सहा अंशाला साधारण एक पीएसआय, म्हणजे मे मध्ये भरलेली हवा डिसेंबरच्या पहाटे तीन-चारनं कमी झालेली असते.

मग ब्रेक ऑइल. हे काम सगळ्यात स्वस्त आणि लोक कधीच करत नाहीत. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषत राहतं, बंद डब्यातलं डॉट 3 (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलचा दर्जा) कमीत कमी 205 अंशाला उकळतं पण पाणी मुरल्यावर हा आकडा 140 वर येतो. डॉट 4 चे आकडे 230 आणि 155. आता मानपूरच्या पुढचा गणेश घाट डोळ्यांसमोर आणा, सलग उतार, समोर ट्रक, तुम्ही सारखा ब्रेक दाबताय, डिस्क तापलीये, आतलं ऑइल उकळलं तर पाइपात वाफ होते, वाफ दाबली जाते, पेडल थेट खाली जातं आणि गाडी थांबत नाही. त्या घाटात काय काय झालंय ते इंदूरवाल्यांना सांगायला नको. दर दोन वर्षांनी बदलायला पाहिजे असं ते ऑइल. माझ्यातलं निघालं ते काळपट तपकिरी, बदललं कधी होतं याची सर्व्हिसच्या कागदांत कुठेही नोंद नाही. डॉट 4 भरलं, डॉट 3 च्या गाडीला ते चालतं. डॉट 5 मात्र नाही भरायचं, ते सिलिकॉनचं असतं, पूर्ण वेगळी जात. भाचा आत बसून पेडल मारत होता, उस्ताद खाली ऑइल काढायचं निपल सोडत-आवळत होते, चारही चाकांतून स्वच्छ ऑइल आणि बुडबुडे बंद होईपर्यंत. सगळं मिळून सातेकशे रुपये.

पुढचे पॅड पण बदलले, मूळ कंपनीपेक्षा जरा वरच्या ब्रँडचे, दोन हजाराच्या आसपास. मागे ड्रम आहेत, ते उघडून धूळ साफ करून आतले ब्रेक शू ॲडजस्ट केले, हँडब्रेकच्या खटक्या कमी झाल्या. नवे पॅड बसवल्यावर लगेच घाटात जायचं नाही, आधी रिकाम्या रस्त्यावर 60 वरून 10-15 पर्यंत हळूहळू ब्रेक लावायचा, पूर्ण थांबायचं नाही, परत वेग घ्यायचा, असं काही वेळा, मग थोडं ब्रेक न लावता चालवून थंड करायचं. यानं पॅडचा थर डिस्कवर सारखा बसतो. हे कुणी दुकानदार सांगत नाही आणि मग लोक म्हणतात नव्या पॅडला जुन्यापेक्षा पकड कमी.

सस्पेन्शनमध्ये लोअर आर्मचे बुश (सांध्यातले रबर) आणि स्टॅबिलायझर लिंक (वळणावर गाडी कमी झुकवणाऱ्या दांड्याच्या जोडण्या) बदलल्या, त्या खडखडत होत्या. लोअरिंग स्प्रिंगचा विचारच सोडून दिला, आमच्या कॉलनीतल्या स्पीड ब्रेकरवरून भरलेली गाडी आहे त्या उंचीवरच कशीबशी जाते.

आता पेट्रोल. 95 ऑक्टेनवालं महाग पेट्रोल टाकून बघितलं. शहरात काहीच फरक नाही, उगाच पैसे. फक्त एका जागी वाटला, सिमरोलच्या पुढे भेरूघाटातून वर येताना, उन्हाळ्यातली दुपार, एसी चालू, गाडी भरलेली, तिथे जो बारीक खडखड आवाज इंजिनातून यायचा तो आला नाही. मी घाटाच्या प्रवासाआधी एखादी टाकी भरतो, बाकी वर्षभर साधं. आणि रिमॅप, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधलं सेटिंग बदलणं, ज्याला लोक चिप ट्यूनिंग म्हणतात, त्याचा पण भाव काढला होता. डिझेल टर्बो असती तर गोष्ट वेगळी होती, त्यात बूस्ट (टर्बोनं कोंबलेल्या हवेचा दाब) वाढवायला जागा असते आणि चालवताना चांगलाच फरक लागतो. माझ्या साध्या पेट्रोल इंजिनात पंचवीस हजार देऊन चार-पाच हॉर्सपॉवर, नाही घेतलं.

एक गोष्ट मला या सगळ्यात नव्यानं उलगडली ती हवेची. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे. टर्बो नसलेलं इंजिन जी हवा मिळेल तेवढीच घेतं, आणि इथे ती समुद्रकिनाऱ्यापेक्षा पाचेक टक्के विरळ. म्हणजे कागदावरचे 84 इथे येता येताच ऐंशीच्या खाली-वर होतात. त्यात मे महिन्यातली 42 अंशाची दुपार असेल तर आणखी पाच टक्के गेले. वर एसीचा कॉम्प्रेसर. मला नेहमी वाटायचं की पुण्या-मुंबईच्या लोकांच्या स्विफ्ट जास्त पळतात, मुंबईचं तरी खरं आहे ते! म्हणून हे इंजिन आमच्याकडे जरा वर फिरवूनच चालवावं लागतं. याचा टॉर्क 4000 ला येतो आणि पॉवर 6000 ला, आणि आपण काय करतो, ॲव्हरेजच्या नादात 2000 ला गिअर टाकतो, पाचव्यात 60 नी चालतो, मग ट्रक दिसला की त्याच गिअरमध्ये पाय दाबतो आणि म्हणतो पिकअप नाही. उस्तादांनी एकदा शेजारी बसून मला तिसरा टाकायला लावला, 3500 च्या वर ठेवायला लावलं, आणि ट्रक कधी मागे गेला कळलं नाही. ओव्हरटेक सुरू करायच्या आधी गिअर खाली, मग बाहेर निघायचं. एक पैसा लागला नाही आणि मी म्हणतो टायरच्या खालोखाल हाच नंबर. इंजिनाला काही होत नाही, इंजिन गरम झालेलं असलं आणि ऑइल वेळेवर बदललेलं असलं की ते वर फिरण्यासाठीच बनवलंय. डिकीतून जुन्या सतरंज्या, दोन छत्र्या, टाइल्सचा एक बॉक्स, असं वीस-पंचवीस किलो सामान पण काढलं, हजार किलोच्या गाडीत तेही जाणवतं.

क्लच तपासून घेतला, चौथ्या गिअरमध्ये 40-50 नी जाताना एकदम पाय दाबायचा, आरपीएम उडाले आणि वेग मागेच राहिला तर क्लच सरकतोय. माझा ठीक निघाला. नसता तर सगळ्यात आधी तोच.

हेडलाइटचं पण केलं, पळण्याशी थेट संबंध नाही पण रात्रीच्या एबी (आग्रा-मुंबई) रोडवर दिसलंच नाही तर पळून करायचं काय. बाजारातले ते पांढरे झगझगीत एलईडी बल्ब हॅलोजनच्या लाइटमध्ये घालायचे नाहीत, प्रकाश कुठेही फेकला जातो, समोरच्याचे डोळे दिपतात. मी तेच कायद्यातले 60/55 वॉटचे चांगल्या कंपनीचे एच 4 बल्ब घातले आणि रिले वायरिंग टाकली, म्हणजे करंट स्विचमधून न जाता बॅटरीतून जाड वायरनं थेट बल्बला जातो, मध्ये व्होल्टेज पडत नाही. दीड हजारांत झालं आणि काचा पॉलिश केल्या त्यानंतर तर आईसुद्धा म्हणाली, आज लाइट चांगले लागलेत रे.

हे सगळं झाल्यावर दिवाळीनंतर धुळ्याला गेलो. मानपूरचा उतार दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरलो, ब्रेक फक्त गरजेपुरते, खाली पोचेपर्यंत पेडल तसंच कडक. सेंधव्याच्या पुढे बिजासन घाटात वळणं आली आणि बायको, जी एरवी मागे बसून डोळे मिटून घेते, ती पुढे बसून गप्पा मारत होती. ताईच्या दारात पोचल्यावर दाजींनी चावी मागितली, चालवून आले आणि विचारलं, कधी घेतली ही? तीच आहे म्हटलं.

खर्चाचं विचारतात म्हणून लिहितो. टायर, अलाइनमेंट, बॅलन्सिंग धरून बावीस हजार. ब्रेकचं सगळं साडेतीन. थर्मोस्टॅट, कूलंट, थ्रॉटल बॉडी, प्लग आणि फिल्टर मिळून साडेपाच. बुश आणि लिंक मजुरीसकट तीन. लाइट दीड, डोंगल वेगळा. छत्तीस-सदतीस हजारांत बसलं, आणि हे एकदम नाही केलं, पगार झाला की थोडं थोडं, त्यामुळे जड गेलं नाही. उरलेत ते मागचे शॉकअप, भरलेली गाडी मोठ्या खड्ड्यानंतर एक उडी जास्त घेते. दोन्ही मागचे कंपनीचेच नवे टाकायचे, जोडीनं, एकच बदलायचा नाही. उस्तादांनी पुढच्या महिन्याचा रविवार दिलाय, भाच्याला सांगून ठेवलंय की सकाळी लवकर ये, पोहे तिथेच खाऊ.